ढाळ कोणीकडं?

रिसोडात घर बांधणारा माणूस हॉलचा विचार करतो, देवघराचा करतो, जिन्याखाली संडास मावेल का याचाही करतो. घराच्या बाजूला जी तीन-चार फुटांची पट्टी सोडावी लागते, तिचा विचार मात्र कुणी करत नाही. ती नियमानं सुटते आणि मग सुटलेलीच राहते. या जागेला सांदी म्हणतात. बांधकामातून उरलेली रेती सांदीत असते, तिच्यावर गवत आलेलं असतं. 'पुढंमागं लागतील' म्हणून ठेवलेल्या सेंट्रिंगच्या फळ्या असतात. तळ गेलेला कूलर असतो. दरवर्षी न चुकता होणारं मांजरीचं बाळंतपण असतं. आणि मोरी, पाण्याची टाकी, मागचं दार या तिन्ही ठिकाणी जायचा रस्ता याच सांदीतून असतो.

त्यात आमची जमीन काळी. भूगोलाच्या पुस्तकात हिची फार स्तुती आहे. ओल धरून ठेवते, कापूस पिकतो, सोयाबीन पिकतं. ज्यानं हे लिहिलं त्याला जुलै महिन्यात बादली घेऊन या मातीतून मोरीकडं जायची वेळ आली नसावी. या मातीतला चिखल चपलेला चिकटत नाही, चप्पल चिखलाला चिकटते. पाचव्या पावलाला माणूस दोन इंच उंच होतो आणि परत येताना अनवाणी असतो. उन्हाळ्यात हीच जमीन आकसून अशा भेगा टाकते की त्यात आमच्या मागच्या कुलपाची किल्ली गेली. पावसाळ्यात जमीन फुगली, भेग मिटली, किल्ली आतच राहिली. आता ते कुलूप तोडून दुसरं लावलंय.

"एकदाची फरशी टाकून घ्या," सौ. म्हणाली. हे ती आमचं लग्न झाल्यापासून म्हणत असावी, कारण मला ते नवीन वाटलं नाही.

मी शाळेत गणित शिकवतो. त्यामुळं कामाला हात घालण्याआधी कागद घेतला. लांबी 40 फूट, रुंदी 4 फूट, क्षेत्रफळ 160 चौरस फूट. दोन बाय दोनच्या फरश्या 40, दोन ओळींत वीस-वीस. बाकी शून्य. इतका सुंदर भागाकार मला पाठ्यपुस्तकातही फार वेळा भेटलेला नाही. रात्री मोबाइलवर व्हिडिओही पाहिला. त्यात एक गोरा मनुष्य हातमोजे घालून घराच्या कडेनं दगडी वाट करतो. खणतो, खडी पसरतो, दगड ठेवतो, रबरी हातोड्यानं टकटक करतो आणि शेवटी कुत्र्याला घेऊन तिच्यावरून चालतो. सगळं मिळून दहा मिनिटं. त्या व्हिडिओत काहीतरी कमी आहे असं मला वाटत राहिलं, पण काय ते तेव्हा कळलं नाही. कळलं ते काम सुरू झाल्यावर. त्या माणसाच्या मागं हात बांधून कुणीच उभं नव्हतं.

पहिला घोळ दगडाचा. रिसोडच्या खाली दगडाला तोटा नाही. इथलं दख्खनचं पठार सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस थिजून झालेलं आहे. विहीर खणा, पाया खणा, शेवटी तो काळा दगड लागतोच. पण फरशी घ्यायला दुकानात गेलं की शहाबादी कर्नाटकातून आलेली असते, कोटा राजस्थानातून, कडप्पा आंध्रातून. आणि या गावाला रेल्वे नाही, म्हणजे सगळे पाहुणे ट्रकमधून उतरतात. "आपला काळा दगड नाही का?" मी विचारलं. दुकानदारानं माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी त्याच्याकडं घरचा वरण-भात मागितला होता. "तो फोडायला माणूस कुठून आणता सर? शहाबादी न्या. घासलेली नका नेऊ, पावसात घसरते. रफ न्या."

घरी आलो तर कट्ट्यावर चर्चा तयारच होती. एक म्हणाले गट्टू बसवा, उद्या पाइप फुटला तर उचलता येतात. दुसरे म्हणाले गट्टूच्या फटीत गवत येतं, सरळ कोबा करा. तिसरे म्हणाले काळ्या मातीवर कोबा तडकतो. चौथे म्हणाले काहीच करू नका, मातीत पाणी मुरलं पाहिजे, पर्यावरण. या चौथ्यांच्या स्वतःच्या अंगणात गेटापासून भिंतीपर्यंत टाइल्स आहेत. त्यांचं पर्यावरण आमच्या सांदीत राहत असावं.

मग मिस्त्री आला. बाजूच्या खेड्यातला, गावात निम्म्या घरांच्या फरश्या त्याच्या हातच्या. त्यानं सांदीत नुसतं उभं राहून टाचेनं जमीन दाबली.

"सर, ही जमीन लय खोडीची. इच्यावर डायरेक्ट फरशी ठेवली तं दोन वर्षांत नाचते."

"मग काय करायचं?"

"फूटभर उकरा. माती फेका. मुरूम भरा, पाणी मारा, धुम्मस करा. मंग चुरी, मंग फरशी."

शास्त्र त्याच्या बाजूनं होतं. मी पुन्हा कागद घेतला. एक फूट खोल म्हणजे 160 घनफूट, म्हणजे एक ब्रास साठ. कागदावर ही माती दीड-पावणेदोन ब्रास होती. खणून बाहेर आली तेव्हा तिनं गेट झाकलं, मोटारसायकल झाकली आणि पेपरवाल्यानं पेपर ढिगाऱ्याच्या माथ्यावर खोचून ठेवायला सुरुवात केली. भोकातून निघालेली माती परत त्याच भोकात मावत नाही, हे मिस्त्रीला पहिल्यापासून माहीत होतं. माझ्या घनफळाच्या धड्यात ते नाही. "माती फुकट न्या," असं मी गल्लीत सांगितलं. कुणी आलं नाही. पैसे मोजून ट्रॉलीनं ती बाहेर टाकली, आणि दुसऱ्या दिवशी निम्मी गल्ली विचारायला: "सर, ती माती होती ना? कुंड्यांना पाहिजे होती थोडी."

चर रिकामा झाला आणि मिस्त्री पाण्याची नळी घेऊन आला. ही नळी म्हणजे या धंद्यातलं सगळ्यात सुंदर हत्यार. पारदर्शक, करंगळीएवढी जाड, आत पाणी. एक टोक इथं धरायचं, दुसरं चाळीस फुटांवर. दोन्हीकडचं पाणी एका पातळीत येतं, मग भिंतीवर कोळशानं खूण करायची. मात्र आत बुडबुडा राहिला तर सगळं चुकतं. म्हणून मिस्त्री नळी उन्हात धरतो, एक डोळा मिटतो, बोटानं टिचक्या मारत बुडबुडा वर वर हाकतो आणि तो फुटला की स्वतःशीच "गेला" म्हणतो. दुसरं टोक धरायला त्यानं मला उभं केलं होतं. तेवढ्यात शेजारचे काका आले.

"ढाळ कोणीकडं देऊन राहिले?"

इथपर्यंत आमच्या सांदीत दगड, माती, मुरूम हे विषय होते. या वाक्यानंतर फक्त एकच विषय उरला.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. फरशी सपाट दिसते, पण सपाट नसते. पाणी वाहून जावं म्हणून तिला किंचित उतार देतात, तो ढाळ. मिस्त्री तो सुतात मोजतो. आठ सूत म्हणजे एक इंच. फुटाला दोन सूत दिले की पाणी पळतं, एक सूत दिला की चालत जातं, काहीच दिलं नाही की बसून राहतं. सांदीची रुंदी 4 फूट, म्हणजे आडवा ढाळ दिला तर सगळा मिळून एक इंच. सोपं, स्वस्त, सुटसुटीत. फक्त तो एक इंच कुणाकडं, एवढंच ठरवायचं होतं.

"सर, आपले संबंध जुने," काका म्हणाले. "पाण्यापायी कशाला बिघडवायचे?"

"बरोबर आहे काका."

"मग ढाळ तुमच्याकडं द्या."

"म्हणजे माझ्याच घराच्या पायात?"

"तुमचं घर नवीन आहे. सोसतं त्याला."

मी लांबीतला ढाळ सुचवला. मागच्या बाजूनं उतरता. मागच्या वहिनी गच्चीवर कपडे वाळत घालत होत्या. त्या एरवी हाक मारली तरी ऐकत नाहीत, पण 'मागच्या बाजूनं' एवढे शब्द त्यांना दोन घरांवरून ऐकू आले. "भाऊजी, आमच्या भिंतीले आधीच ओल हाये बरं!" राहिली पुढची बाजू, गल्लीतली नाली. तिकडं कुणाचीच भिंत नाही, म्हणजे हरकत घ्यायला कुणी नाही. मी पेन काढला. 40 फूट, फुटाला दोन सूत, एकूण 80 सूत, म्हणजे 10 इंच. मागचं टोक पुढच्यापेक्षा दहा इंच वर! आणि आमच्या मागच्या दाराचा उंबरठा सहा इंचांचा. म्हणजे पाऊस पडला की पाणी आधी आमच्या स्वयंपाकघरात येणार, तिथं थोडा वेळ टेकणार आणि मग नालीकडं जाणार.

"फुटाला एकच सूत द्या," मी म्हणालो. "पाच इंच होतात. उंबरठा एक इंच वर राहतो."

"देतो ना," मिस्त्री म्हणाला. "पण एका सुतात पाणी आयशी असते. फरशी जरा बसली की तिथंच मुक्काम करते."

मी वाचलेलं आठवलं. रोमन लोकांनी इसवी सनापूर्वी 312 साली अॅपियन मार्ग बांधायला घेतला. त्यावरची फरसबंदीही ज्वालामुखीच्याच काळ्या दगडाची, मधोमध किंचित फुगीर, म्हणजे पाणी दोन्ही कडांना उतरतं. दोन हजार वर्षं उलटली तरी त्याचे तुकडे शाबूत आहेत. हे मी उत्साहानं मिस्त्रीला समजावलं.

"म्हणजे अर्धं पाणी तुमच्या पायात, अर्धं काकाच्या," तो म्हणाला. "दोघंबी भांडतीन."

खरं सांगायचं तर आमच्या भागात पाण्याच्या ढाळाचा प्रश्न एकाच ठिकाणी कायमचा सुटलेला आहे, तो म्हणजे शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात, लोणारला. तिथं उल्का आदळून याच काळ्या दगडात सुमारे 1.8 किलोमीटर रुंदीचा खड्डा झाला. सगळ्या बाजूंनी ढाळ आत. बाहेरच्या कुणाकडं एक थेंब जात नाही. अर्थात उल्केला सांदीत काम करायचं नव्हतं आणि नळीचं दुसरं टोक धरायला तिनं शेजारी बोलावले नव्हते.

मी मात्र बोलावला. काकांनी आपणहून माझ्या हातातलं टोक घेतलं, "सर, तुम्ही बसा, आम्ही पाहतो" म्हणाले. नळीतलं पाणी कधी खोटं बोलत नाही, पण टोक धरणाऱ्याचा अंगठा बोलू शकतो. काकांनी नळी हळूच बोटभर वर नेली. मिस्त्रीनं चाळीस फुटांवरून, मान न वळवता सांगितलं, "काका, अंगठा काढा तोंडावरचा."

बाराव्या-तेराव्या शतकात, देवगिरीच्या यादवांच्या काळात, या भागात चुन्याशिवाय दगडावर दगड बसवून देवळं उभी राहिली. त्यांना आपण यादवांच्या मंत्र्यावरून, हेमाद्रीवरून, हेमाडपंथी म्हणतो. लोणारचं दैत्यसूदनाचं देऊळ बघून आल्यावर दरवेळी मला वाटायचं, यांना कसं जमलं असेल? आता जे वाटतं ते वेगळं आहे. राजाचा मंत्री उभा असताना 'ढाळ कोणीकडं' विचारायला कोण पुढं येणार? हद्दीचंही तसंच. 1998 साली अकोल्यातून वाशीम जिल्हा वेगळा निघाला, तालुक्यांच्या हद्दी आखल्या गेल्या, कारभार सुरू झाला. आमच्या आणि काकांच्या घरांमधली हद्द कुंपणाच्या आत धरायची की बाहेर, हे अजून ठरायचं आहे.

शेवटी फुटाला एक सूत, नालीकडं, असा तह झाला. तह झाला त्याच संध्याकाळी आभाळ भरून आलं आणि मिस्त्री म्हणाला, "सर, आता पेरणी."

मिस्त्री हा मिस्त्री असतो ते फक्त काही महिने. मृग लागला की तो शेतकरी. त्याची तीन एकर सोयाबीन, भावाची दोन, सासऱ्याची किती ते त्यालाही माहीत नाही. "पेरून आलोच," म्हणून तो गेला. आमच्या दारात चाळीस फूट लांब, चार फूट रुंद, एक फूट खोल चर उघडा राहिला. पहिल्याच पावसात तो भरला. एवढे दिवस जिथं चिखल होता तिथं आता कालवा होता. बेडूक आले. गल्लीतली पोरं कागदाच्या होड्या घेऊन आली. काका गॅलरीतून म्हणाले, "सर, मासे सोडा. श्रावणानंतर कामी पडतील." मी मिस्त्रीला फोन लावला की तो उचलायचा, मागून ट्रॅक्टरचा आवाज यायचा आणि तो एवढंच म्हणायचा, "हाव हाव, आलोच."

पेरणीनंतर डवरणी आली, मग फवारणी, मग पोळा. पोळ्याला तर आम्हीच त्याला बोलावू शकलो नाही. पोळा संपला आणि सोंगणी. सोयाबीन वाळून शेंगा तडकायच्या आत कापायला हवं. त्या दिवसांत तालुक्यात मजूर सापडणं अवघड होतं, ही गोष्ट आम्हा नोकरदारांना दरवर्षी नव्यानं समजते. आई मात्र मिस्त्रीची बाजू घ्यायची. "त्याचं पीक आधी की तुझी फरशी?" असं विचारायची. स्वतः टाकीवर जाताना फळीवरून जायची, तीच सेंट्रिंगची फळी, पुढंमागं लागेल म्हणून ठेवलेली.

दिवाळीनंतर तो आला, आणि आल्यावर मात्र जे काम केलं ते बघत बसावं असं. मुरमाचा थर टाकला, पाणी मारलं, धुम्मस घेतली. परत थर, परत पाणी, परत धुम्मस. मीही एकदा धुम्मस उचलून पाहिली. चार ठोके घातले आणि नंतर दोन दिवस वर्गात फळ्यावर वरच्या अर्ध्या भागात काही लिहिलं नाही. मग चुरी पसरली, लाकडी फळीनं ओढून घेतली. प्रत्येक फरशी, तीसेक किलोची, उभी धरून तो तिच्यावर बोटाच्या पेरानं टकटक करायचा. खणखण वाजली तर घ्यायचा. भद्द वाजली तर बाजूला ठेवायचा: "इच्या पोटात भेग हाये." दिसायला ती फरशी अगदी धडधाकट. आमच्या शाळेत तोंडी परीक्षा घेतात, त्याही एवढ्या नेमक्या नसतात. सुतळी ताणून तो फरशी ठेवायचा, कोपऱ्यावर हातोड्याच्या लाकडी मुठीनं हळू ठोकायचा, मागं सरून बघायचा, परत एक ठोका. माझ्या चाळीस फरश्यांच्या सुंदर भागाकाराचं काय झालं म्हणाल, तर तो तिसऱ्या जोडीतच मेला. आमची सांदी पुढं चार फूट होती आणि मागं पावणेचार.

"सर, तुमचं घर गुण्यात नाही," मिस्त्री म्हणाला.

"मी नकाशा काटकोनात काढला होता."

"तुमचा काटकोन वहीत हाये. भिंतीत नाई."

मग टाकी लावून कडेच्या फरश्या तिरप्या तोडल्या. दर्जा भरल्या. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर बादलीभर पाणी मागच्या टोकाला ओतलं. सगळी गल्ली वाकून बघत होती. पाणी जरा थांबलं, चारी बाजूंचा अंदाज घेतला आणि निघालं नालीकडं. काकांच्या भिंतीला शिवलं नाही, वहिनींकडं वळलं नाही. वहिनींनी गच्चीवरून टाळ्या वाजवल्या. काका म्हणाले, "मी म्हणलोच होतो, नालीकडं द्या."

तेव्हापासून ही वाट सार्वजनिक आहे. पोरं तिच्यावर गोट्या खेळतात, कारण गोटी आपोआप नालीकडं जाते आणि त्यावरून पैज लागते. समोरच्यांच्या लग्नात आचाऱ्यानं कांदे तिथंच चिरले. पूर्वी आमच्या सांदीकडं कुणी फिरकत नव्हतं, आता आलेला पाहुणा आधी घराची बाजू बघायला जातो. एप्रिलमध्ये वहिनींनी तिच्यावर कुरडया घातल्या. "भाऊजी, तुमची फरशी काय तापते हो!" कौतुक ऐकून मीही हरखलो. पुढचे काही दिवस मागच्या दाराला जायला मला हॉल, माजघर आणि स्वयंपाकघर अशी वाट होती, कारण बाजूच्या वाटेवर पाय ठेवायला जागा नव्हती. कुरडया उचलल्या तोवर काकूंचे पापड आले.

उन्हाळा सरता सरता गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला. सगळ्यांना आनंद. जुना रस्ता न उकरता त्याच्यावरच नवा थर चढला, तेव्हाही कुणाला काही वाटलं नाही. पहिला जोरदार पाऊस आला आणि गल्लीतलं सगळं पाणी, नव्या गुळगुळीत रस्त्यावरून, मोठ्या विश्वासानं आमच्या गेटाशी आलं. रस्ता आता नालीपेक्षा वर होता आणि आमच्या वाटेचं पुढचं टोक रस्त्यापेक्षा खाली. पाण्याला कुठं जायचं ते दिसत होतं. ते आत शिरलं, एका सुताच्या ढाळानं सावकाश उलटं चढत मागच्या उंबरठ्यापर्यंत आलं आणि टेकलं.

दुसऱ्या दिवशी गल्ली आमच्या दारात जमली. सगळ्यांनी पाणी पाहिलं. आणि आजवर ढाळाच्या प्रश्नावर ज्यांचं एकमेकांशी कधी पटलं नव्हतं, त्यांचं त्या दिवशी पटलं.

"सर, गल्लीचं पाणी जायला इथं चांगली सोय झाली," काका म्हणाले. "हे असंच राहू द्या."

मी मिस्त्रीला फोन लावला. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, फरशी उचलू, सहा इंच मुरूम भरू, आहे त्याच फरश्या परत बसवू, एकही वाया जाऊ देत नाही.

"मग कधी येता?"

मागून ट्रॅक्टरचा आवाज येत होता.

"पेरणी झाली की आलोच, सर."